उंच रेसरनं चाक कोणतं घ्यावं: २९ घ्या, पण खरा हिशोब फ्रेमचा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची १९१ सेंटिमीटर, इनसीम (जांघेपासून तळव्यापर्यंत पायाची आतली लांबी) ९२, वजन ८६ किलो. सध्या २७.५ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक आहे. पुढच्या हंगामापासून क्रॉस-कंट्रीच्या (चढ-उतारांच्या फेऱ्यांच्या) शर्यती नियमित करायच्या आहेत, जमलं तर एखादी मॅरेथॉन (लांब पल्ल्याची) आणि एखादी एन्ड्युरोही (जिथं वेळ मुख्यतः उतारांवर मोजतात). नवी रेसबाइक घेताना २९ घ्यावी असं मनात आहे, पण सोबतचे रायडर सांगतात की २९ अरुंद वळणांत जड जाते, वळणातून बाहेर पडताना पटकन वेग घेत नाही. शिवाय कुणीतरी मुलेट सुचवलंय, म्हणजे पुढं २९ आणि मागं २७.५.

सरळ उत्तर आधी देतो. क्रॉस-कंट्री आणि मॅरेथॉनसाठी, तुमच्या उंचीला, २९ घ्या. यात मला शंका नाही. पण मी रेसरांच्या बाइकचं फिटिंग करतो, चाकंही बांधतो, आणि उंच माणसाची बाइक बिघडते ती सहसा चाकाच्या आकारामुळे नाही. ती बिघडते त्या चाकांभोवती बांधलेल्या फ्रेममुळे, किंवा हलक्या माणसासाठी बांधलेल्या चाकामुळे. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा समजतो: २९ ची कुठली बाइक १९१ सेंटिमीटरच्या आणि ८६ किलोच्या माणसाला शर्यतीत साथ देईल? त्याचं उत्तर थोडं लांब आहे.

आधी आकडे नीट समजून घेऊ, कारण २६, २७.५ आणि २९ ही नावं फसवी आहेत. टायर रिमवर जिथं बसतो त्या जागेचा व्यास २६ इंचीला ५५९ मिलिमीटर, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२ असतो. ६२२ म्हणजे रोड बाइकच्या ७००सी चाकाचाच व्यास. २६ आणि २७.५ मध्ये फरक फक्त २५ मिलिमीटरचा, तर २७.५ आणि २९ मध्ये ३८ मिलिमीटरचा. नावावरून वाटतं की २७.५ बरोबर मधोमध आहे, पण ते जुन्या २६ कडे झुकलेलं आहे. साधारण २.३ इंच रुंदीचा टायर चढवला की २७.५ चं चाक बाहेरून सुमारे ७०० मिलिमीटर भरतं आणि २९ चं सुमारे ७४०. पुढचा सगळा हिशोब या दोन आकड्यांवर करतो.

आता तुमची उंची यात घाला. १९१ ला ७४ नं भागलं की २.५८ येतात. १७३ सेंटिमीटरच्या रायडरला ७० सेंटिमीटरच्या चाकावर बसवलं तर १७३ भागिले ७० म्हणजे २.४७. अर्थ असा की तुमच्या शरीराच्या मानानं २९ चं चाक हे त्या रायडरच्या २७.५ पेक्षाही लहानच आहे. '२९ फार मोठी' ही तक्रार १६० सेंटिमीटरच्या रायडरनं केली तर मी ऐकून घेतो, कारण तिथं हँडल वर जातं, मागचा टायर अंगाला लागतो, फ्रेम कोंबून बांधावी लागते. तुमच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही.

१७३ हा आकडा मी मुद्दाम घेतला. क्रॉस-कंट्रीतला नावाजलेला रेसर नीनो शुर्टर याची उंची तेवढीच आहे. २०१२ मध्ये तो २७.५ वर शर्यती करत होता, आणि लंडन ऑलिंपिकमध्ये त्याचं सुवर्ण एका सेकंदानं हुकलं. त्याच्यापुढं होता यारोस्लाव कुल्हावी, अंगानं बराच उंच, २९ ची फुल सस्पेन्शन बाइक घेऊन. त्या एका सेकंदावरून चाकाचा निकाल लावणं चुकीचं ठरेल, कारण शर्यत शेवटच्या मीटरपर्यंत खेचली गेली होती आणि ती पायांनी जिंकली. पण पुढं काय झालं ते बघण्यासारखं आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये शुर्टरनं सुवर्ण जिंकलं ते २९ वर. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारा टॉम पिडकॉक शुर्टरपेक्षाही बुटका आहे, आणि तोही २९ वरच होता. लहान चणीच्या रायडरांनीही जिथं २७.५ सोडलं, तिथं तुम्ही त्यावर अडून राहण्याचं कारण मला सापडत नाही.

मोठं चाक नेमकं काय देतं? सहसा सांगतात की ते दगडावरून सहज जातं. खरं आहे, पण किती सहज हेही बघा. ६ सेंटिमीटर उंचीची मुळी आडवी आली तर २७.५ चं चाक तिला साधारण ३४ अंशांच्या कोनात भिडतं आणि २९ चं ३३ अंशांच्या. फरक जेमतेम एका अंशाचा. १० सेंटिमीटरच्या पायरीला ४४ आणि ४३. एका अडथळ्यावर हे जाणवणारही नाही. शर्यतीत मात्र अडथळे एकामागून एक येतात, आणि प्रत्येक जण वेगातला थोडा वाटा काढून घेतो. दीड तासाच्या शर्यतीत शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय जड झालेले असतात, हातांची पकड सैल झालेली असते, दगडांमधून निवडलेली वाट चुकायला लागते. मोठ्या चाकाचा फायदा तेव्हा दिसतो. जमिनीला टेकलेला टायरचा भाग थोडा लांब असल्यामुळे सुट्या खडीच्या चढावर मागचं चाक कमी घसरतं, हाही फायदा आहे, आणि वजनदार रायडरला तो जास्त कामाचा.

वेग घेण्याची तक्रार आकड्यांत मांडली की लहान होते. रिम आणि टायरचं वजन चाकाच्या कडेला असतं, त्यामुळे वेग वाढवताना ते सरळ पुढंही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं. म्हणून तिथला प्रत्येक ग्रॅम साधारण दुप्पट धरायचा. पण कडेचं वजन तेवढंच असेल तर चाक मोठं की लहान यानं वेग घेण्यात फरक पडत नाही, कारण मोठं चाक तेवढ्याच वेगाला हळू फिरतं. फरक पडतो तो फक्त वाढलेल्या वजनाचा. एकाच मॉडेलची रिम आणि टायर २७.५ वरून २९ वर नेले तर दोन्ही चाकं मिळून साधारण २०० ग्रॅम वाढतात. दुप्पट धरले तर ४००. तुम्ही ८६ किलो, बाइक १२, पाणी-कपडे-हेल्मेट २, असे शंभर किलो झाले. शंभर किलोत ४०० ग्रॅम म्हणजे ०.४ टक्के. ५५ किलोच्या रायडरला हाच भार ०.६ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे मोठ्या चाकाची किंमत मोजण्यात तुम्ही त्याच्यापेक्षा फायद्यात आहात.

मग '२९ जड जाते' हे बोलणं आलं कुठून? त्यात तथ्य होतं, पण ते जुन्या बाइकचं. सुरुवातीच्या २९ बाइक म्हणजे २६ ची फ्रेम ताणून मोठी चाकं बसवलेल्या होत्या. चेनस्टे (पेडलच्या क्रँकपासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी) लांबलचक, रीच (क्रँकच्या मध्यापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) आखूड, हँडल अरुंद, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लांब. रायडर पुढच्या चाकावर ओणवा होऊन बसायचा आणि मागचं चाक कुठंतरी मागं राहायचं. अशी बाइक अरुंद वळणात रेंगाळणारच. ज्यांनी त्या चालवल्या त्यांच्या मनात तेच राहिलं, आणि ते पुढं नव्या रायडरांना सांगत राहिले.

आजच्या २९ मध्येही एक गोष्ट शिल्लक आहे, ती सांगायलाच हवी. फिरणाऱ्या चाकाला दिशा बदलायला लावलं की ते विरोध करतं, आणि २९ चा विरोध २७.५ पेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी जास्त असतो, कारण व्यासही वाढतो आणि वजनही. डावं-उजवं-डावं अशी झटपट वळणं आली की हे हाताला कळतं. पण तुमचे हात लांब आहेत, हँडल ७६० ते ७८० मिलिमीटरचं असेल, त्यामुळे बाइक आडवी करायला तुम्हाला जोर कमी लागतो. २७.५ वरून २९ वर आलेल्या उंच रायडरांना मी एकच सांगतो: वळणात अंग नको, बाइक झुकवा, आणि ती झुकवायला नेहमीपेक्षा थोडं आधी सुरू करा. काही आठवड्यांच्या सरावात ही तक्रार सहसा मिटते. ज्यांची मिटत नाही त्यांची फ्रेम तपासायला घेतो.

आता फ्रेमकडे येतो. तुमचे पैसे आणि वेळ दोन्ही इथं लागले पाहिजेत.

सगळ्यात आधी स्टॅक, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडल ज्यात फिरतं त्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची. २७.५ वरून २९ वर गेलं की पुढचा एक्सल १९ मिलिमीटर वर जातो आणि त्याच्याबरोबर हँडल वर येतं. बुटक्या रायडरला हा त्रास असतो. हँडल खाली आणायला तो उलटा स्टेम लावतो, स्टेमखालचे सगळे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) काढतो. तुम्हाला हीच उंची हवी आहे. ९२ इनसीमला सॅडल क्रँकच्या मध्यापासून ८१ सेंटिमीटरच्या आसपास येईल. २७.५ च्या फ्रेमवर अशा सॅडलसमोर हँडल इतकं खाली राहतं की उतारावर सगळा भार मनगटांवर येतो, आणि उंच रायडर स्टेमखाली स्पेसरची चळत लावतात. तुमच्या सध्याच्या बाइकवर तशी चळत असेल तर तुमचं दुखणं काय आहे ते तिथंच दिसतंय. नवीन फ्रेममध्ये स्टॅक ६३० ते ६५० मिलिमीटर आणि रीच ४८० ते ५०० च्या आसपास बघा. हात-धड-पाय यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून हे सुरुवातीचे आकडे समजा. तुमचं इनसीम उंचीच्या ४८ टक्के आहे, म्हणजे पाय आणि धड दोन्ही मापात आहेत, तुम्हाला टोकाची फ्रेम शोधावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट चेनस्टे. बरेच कारखाने स्मॉलपासून एक्सएलपर्यंत सगळ्यांना एकाच लांबीचा चेनस्टे देतात. पुढची लांबी मात्र साइझनुसार वाढत जाते. समजा चेनस्टे ४३५ मिलिमीटर आहे आणि क्रँकपासून पुढच्या एक्सलपर्यंत स्मॉलमध्ये ७००, एक्सएलमध्ये ८००. रायडर पेडलवर समतोल उभा राहिला, भार बरोबर क्रँकच्या वर, तर स्मॉलच्या रायडरचं ३८ टक्के वजन पुढच्या चाकावर पडतं आणि एक्सएलच्या रायडरचं ३५ टक्के. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण सपाट वळणात पुढचा टायर बाहेर सरकायला तो पुरतो. मग रायडर म्हणतो, '२९ वळत नाही.' चाक वळायला तयार असतं, त्यावर भार नसतो. म्हणून साइझनुसार चेनस्टे वाढवणारी फ्रेम मिळत असेल तर तिला झुकतं माप द्या. एक्सएलमध्ये ४४० ते ४४५ चा चेनस्टे बघून घाबरू नका. 'आखूड चेनस्टे म्हणजे चपळ बाइक' हे वाक्य मध्यम उंचीच्या माणसासाठी लिहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट सर्वात जास्त दुर्लक्षित होते: सीटट्यूबचा, म्हणजे सॅडल ज्यात बसतं त्या नळीचा कोन. जिओमेट्रीच्या तक्त्यात ७५ किंवा ७६ अंश लिहिलेलं असतं, पण तो कोन स्टॅकच्या उंचीवर मोजलेला असतो. नळी प्रत्यक्षात त्यापेक्षा आडवी असते, अनेकदा ७१ च्या आसपास. तुमचं सॅडल स्टॅकच्या रेषेच्या १५ सेंटिमीटर वर असणार, आणि त्या उंचीवर ते तक्त्यातल्या कोनापेक्षा सेंटिमीटरभर मागं सरकलेलं असतं. चढ उभा झाला की एवढ्यानंही पुढचं चाक उचलायला लागतं, आणि रायडर सॅडलच्या टोकावर घसरत पेडल मारत राहतो.

हे दुकानात तपासता येतं. बाइक सपाट फरशीवर उभी करा, सॅडल तुमच्या खऱ्या उंचीवर आणा, सॅडलच्या मध्यातून ओळंबा सोडा. दोरी मागच्या एक्सलच्या किती पुढं पडते ते मोजा. मग मागच्या चाकाखाली काही न ठेवता पुढचं चाक एका पायरीवर चढवा आणि पुन्हा ओळंबा सोडा. दोरी किती मागं सरकली ते डोळ्यांनी दिसतं, आणि दोन फ्रेम शेजारी लावून हे केलं की तक्ता जे सांगत नाही ते कळतं. मी नव्या फ्रेमचं फिटिंग याच मोजणीनं सुरू करतो. सॅडल रेल्सवर पुढं ढकलून किंवा सरळ सीटपोस्ट लावून थोडं सावरता येतं, पण फ्रेमच बरी असेल तर या कसरती कराव्याच लागत नाहीत.

आता चाक बांधण्याबद्दल, कारण वजनदार रायडरसाठी २९ चा एकमेव खरा तोटा इथं आहे. चाक मोठं झालं की स्पोक लांब होतात आणि हबपासून रिमकडे जाताना त्यांचा बाजूचा कोन कमी होतो. तीच रिम, तोच हब, तेवढेच स्पोक घेतले तर २९ चं चाक आडव्या जोराला जास्त लवतं. बूस्ट हब आले त्यामागं मोठं कारण हेच होतं: मागं १४२ ऐवजी १४८ मिलिमीटर, पुढं १०० ऐवजी ११०, म्हणजे हबवरच्या, स्पोक अडकतात त्या चकत्या बाहेर सरकल्या आणि कोन परत मिळाला. आता रेसबाइकवर बूस्ट सर्रास असतं, तरी सेकंडहँड चाकं किंवा जुनी फ्रेम घेताना हे तपासा.

हलक्या रेसचाकांत २४ किंवा २८ स्पोक असतात. ६५ किलोच्या रायडरला ते पुरतात. ८६ किलोच्या आणि लांब पायांच्या रायडरला मागं २८ पेक्षा कमी मी बांधून देत नाही. अॅल्युमिनियमची रिम असेल आणि मार्ग दगडांचा असेल तर मागं ३२. वाढलेले चार स्पोक म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम, आणि तेही बहुतेक कडेला नसून मध्यात. रिमची आतली रुंदी ३० मिलिमीटरच्या आसपास असली की २.३५ किंवा २.४ चा टायर नीट बसतो आणि वळणात आडवा पडत नाही.

चाक लवतंय का हे ओळखायची खूण सांगतो. काही आठवडे जोरात चालवल्यावर बाइक उलटी करा आणि चेनस्टेच्या आतल्या बाजूला, टायरच्या शेजारी, बोट फिरवा. रंग घासून चमकणारी पट्टी लागली तर वळणात टायर फ्रेमला लागतोय. मग स्पोक दोन-दोन करून चिमटीत दाबा, किंवा नखानं छेडा. मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, म्हणून आवाजाची तुलना एकाच बाजूच्या स्पोकमध्ये करायची. एकाच बाजूला काही खणखणीत आणि काही बद्द वाजत असतील तर ताण असमान झालाय, चाक पुन्हा ताणून घ्यायला हवं. कारखान्यातून आलेलं नवं चाक पहिल्या काही राइडनंतर एकदा ताणून घेणं वजनदार रायडरनं नियमच करून टाकावा.

हवेचा दाब हा यातला फुकटातला भाग. ट्यूबलेस, २.४ चा टायर, ३० ची रिम, तुमचं वजन: पुढं २२ आणि मागं २४ पीएसआयपासून सुरू करा. वळणात टायर दुमडल्यासारखा वाटला किंवा रिम दगडाला लागल्याचा आवाज आला तर एकेक पीएसआय वाढवा. टायर निवडताना सर्वात हलका, कागदी बाजूंचा प्रकार टाळा. हलका रायडर ज्या टायरवर हंगाम काढतो तो तुमच्या वजनाखाली कडेला चिरतो, आणि शर्यतीत पंक्चर झालं की वाचवलेल्या शंभर ग्रॅमला काही अर्थ उरत नाही.

इथपर्यंतचा ताळा असा: चाक २९, फ्रेम पुरेसा स्टॅक असलेली, सीटट्यूब उभी, चेनस्टे साइझप्रमाणे, मागचं चाक मजबूत बांधलेलं. आता मुलेट, गिअर आणि एन्ड्युरो.

गिअरचा मुद्दा सोपा आहे, तरी अनेक जण विसरतात. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणून तोच गिअर २९ वर साधारण सहा टक्क्यांनी जड होतो. २७.५ वर ३४ दात्यांची चेनरिंग वापरत असाल तर २९ वर ३२ लावा, जवळपास तेच मिळेल. ३२ असेल तर ३०. हे न केल्यामुळे कित्येकांना पहिल्याच चढावर '२९ जड आहे' असं वाटतं. क्रँकच्या लांबीत अडकू नका. उंच आहात म्हणून १७५ च हवं असं काही नाही, १७० वर पेडल दगडाला कमी लागतं आणि ताकदीत फरक सहसा जाणवत नाही.

मुलेटचा विचार आला तो डाउनहिल आणि एन्ड्युरोतून. यूसीआयनं (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं) डाउनहिलमध्ये पुढं-मागं वेगळ्या आकाराची चाकं चालवायला २०१९ पासून परवानगी दिली आणि बरेच रायडर तिकडं वळले. त्यामागं दोन कारणं आहेत. उभ्या उतारावर अंग मागं नेलं की मागचा टायर पार्श्वभागाला लागतो, आणि मागचं लहान चाक वळणात पटकन आत येतं. पहिलं कारण ९२ इनसीमच्या माणसाला जवळपास लागूच होत नाही. लांब ड्रॉपर (चालवताना सॅडल खाली करता येणारा सीटपोस्ट) लावलात तर तुमच्याकडे जागा भरपूर आहे. ग्रेग मिनार हा १९० सेंटिमीटर उंचीचा डाउनहिल रायडर २०१७ मध्ये फोर्ट विल्यमला दोन्ही चाकं २९ ची असलेल्या बाइकवर जिंकला होता, तेव्हा डाउनहिलमध्ये २९ नुकतीच येत होती. दुसरं कारण मात्र उंच रायडरलाही लागू आहे, म्हणून उभ्या, वळणावळणाच्या उतारांसाठी वेगळी एन्ड्युरो बाइक घेणार असाल तर मुलेट चालवून बघायला हरकत नाही. क्रॉस-कंट्रीत चढावर मागचं चाकच काम करतं, तिथं ते लहान करण्यात काही अर्थ नाही.

एक धोका आवर्जून सांगतो. २९ साठी बनलेल्या फ्रेममध्ये नुसतं मागचं चाक २७.५ चं बसवून मुलेट करू नका. मागचा एक्सल १९ मिलिमीटर खाली येतो, त्यामुळे क्रँक साधारण १२ मिलिमीटर खाली जातं आणि सगळी बाइक जवळपास एक अंश मागं कलते. पेडल दगडांना आपटायला लागतात, आणि सीटट्यूबचा जो कोन आपण एवढा निवडून घेतला तो आणखी आडवा होतो. उंच रायडरला हे दुहेरी नुकसान आहे. मुलेट हवंच असेल तर त्यासाठीच बनलेली फ्रेम, किंवा लिंक अथवा फ्लिप-चिप (फ्रेममधला उलटून बसवता येणारा छोटा तुकडा) वापरून भूमिती परत जागेवर आणता येणारी फ्रेम घ्या.

तुमची एखादी एन्ड्युरो त्याच क्रॉस-कंट्री बाइकवर होईल. १२० मिलिमीटरचा फोर्क, पुढं जरा जाड बाजूचा आणि मोठ्या गुंडीचा टायर, ड्रॉपर, आणि मोठी ब्रेक डिस्क. वजनदार रायडरनं पुढं १८० ची डिस्क एरवीही लावावी.

काही जण आता ३२ इंची चाकांबद्दल बोलतात, आणि उंच रायडरांना त्याचं आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे. तिथं टायर बसण्याचा व्यास ६८६ मिलिमीटर आहे. शरीराच्या प्रमाणाचा जो हिशोब मी वर मांडला तो ३२ च्याही बाजूनं बोलतो, म्हणून या विषयावर माझं लक्ष आहे. पण शर्यतीची बाइक म्हणजे टायरची निवड, सुटे भाग, मोडल्यावर लगेच मिळणारी रिम. ते २९ मध्ये आहे, ३२ मध्ये नाही. येत्या हंगामासाठी हा पर्याय बाजूला ठेवा.

शेवटी चाचणी. ज्या दोन-तीन बाइक तुमच्या यादीत असतील त्या चालवायला मिळत असतील तर एक छोटी फेरी ठरवा, ज्यात एक उभा चढ, एक झटपट वळणांचा तुकडा आणि एक खडबडीत उतार असेल. सॅडलची उंची सगळीकडे मोजून सारखी ठेवा, टायरचा दाब गेजनं सारखा करा. घड्याळ संपूर्ण फेरीचं लावू नका, तिन्ही तुकड्यांचं वेगवेगळं लावा. बाइक आलटून पालटून घ्या, म्हणजे दमल्याचा परिणाम एकाच बाइकवर पडणार नाही. वळणांच्या तुकड्यात मोठी बाइक हळू 'वाटते' पण वेळ तोच येतो, असं पुष्कळदा दिसतं. चढाच्या तुकड्यात पुढचं चाक किती वेळा उचललं तेही लक्षात ठेवा, तो आकडा फ्रेमबद्दल सांगतो.

२७.५ ची हार्डटेल इतक्यात विकू नका; नवी बाइक अंगवळणी पडेपर्यंत तुलनेला ती हाताशी असलेली बरी. आणि फ्रेम पक्की करण्याआधी प्रत्येक बाइकचे पाच आकडे मला पाठवा: एक्सएलचा स्टॅक, रीच, चेनस्टे, सीटट्यूबचा प्रत्यक्ष कोन, आणि तुमच्या सॅडलच्या उंचीवर ओळंबा मागच्या एक्सलच्या किती पुढं पडला ते. त्यावरून कुठली फ्रेम घ्यावी हे सांगता येईल.